घसारा

साखळीच्या वर, डोंगरातल्या त्या कॉलेजात
पहिल्या दिवशी सर म्हणाले, ओळख करून द्या.
मी उभी राहिले. टाचा आपोआप जुळल्या.
पुढच्या बाकावरचा पोरगा हसला, मग ओशाळला.
माझ्याच गटात आला तो. आल्डन फुर्तादो, वय तेवीस.
एक्सेलवर त्याची बोटं कर्ल्यांसारखी पळतात,
आणि मला तो 'मॅम' म्हणतो.
सुलक्षा म्हण, सांगून पाहिलं.
'येस, मॅम.'

दहा वर्षं मी रसद पाठवली.
रॉकेल, डाळ, अंड्याची पूड, मोजे.
किती लिटर, हे झोपेतही सांगितलं असतं.
कितीला पडतं, हे कुणी विचारलं नाही,
मीही नाही.
वरच्या चौकीत बुखारी पेटली पाहिजे, संपलं.

तिसऱ्या आठवड्यात सर इंग्रजीतून समजावत होते,
मी समासात मराठीत लिहिलं : घसारा.
वस्तू घ्या, तिचं आयुष्य ठरवा,
दरवर्षी थोडी थोडी खोडत चला.
शेवटी उरेल ती भंगाराची किंमत.

खेचर क्रमांक तीनशे अठरा.
खुरावर नंबर, डाव्या कानाला चीर.
नोव्हेंबरात बर्फावर घसरलं, दोन जेरीकॅनसकट.
हाकणारा हयात बिष्ट तीन दिवस जेवला नाही.
माझ्या टेबलावर पत्रक आलं,
कारण : घसरले. शिल्लक किंमत : निरंक.
मी सही केली, शिक्का मारला,
चहा मागवला.
जेरीकॅनचं मात्र, वसूल करायचे की माफ,
यावर चार महिने पत्रव्यवहार चालला.

शनिवारी डिचोलीला घरी.
अंगणात बाबांचा ट्रक, खाण बंद पडली तेव्हापासून तसाच.
हौद्यात गवत, केबिनमध्ये शेजारची कोंबडी अंडी घालते,
काचेवरची लाल धूळ पावसांनीही गेली नाही.
त्याचे हप्ते मी भरले,
जिथं रेंज मिळेल त्या टेकाडावरून.
जेवण झाल्यावर कर्जाचा कागद मागितला.
दहा वर्षांत पहिल्यांदा.
व्याज, व्याजावर दंड, दंडावर आणखी काहीतरी बारीक अक्षरात.
अठरा सह्या, सगळ्या बाबांच्या, शाळेतल्या वळणाच्या.
'वाचलं होतंत?'
'तो भुरगो बरो उलयतालो गो,' बाबा म्हणाले
आणि ताटातले काटे मांजराला टाकायला उठले.

मुलाखत पणजीत, मांडवीकाठच्या हॉटेलात.
खिडकीबाहेर कॅसिनोची बोट, भर दुपारी दिवे लावून.
मधल्या बाईंनी विचारलं,
तुम्ही खोडलेला सर्वांत मोठा तोटा?
'एक खेचर.'
हसले तिघेही. चांगले हसले, वाईट नव्हे.
मला खूप सांगायचं होतं,
निरंक म्हणजे काय, आणि कुणाच्या सहीनं.
मी म्हणाले, मला वाहनकर्ज विभागात काम करायला आवडेल.
बाईंनी काहीतरी टिपलं.
उलटं वाचायची सवय आहे मला, पण त्यांचं अक्षर लागलं नाही.

बेतीच्या फेरीत आल्डन टाय सोडून उभा.
कसं झालं, मॅम?
त्याला खेचराचं सांगितलं. तो हसला नाही.
कठड्याला रेलून थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला.
मग म्हणाला, माझा पप्पा जुन्या वह्यांत
पूर्ण झिजलेलं मशीन एक रुपयाला ठेवायचा.
शून्य केलं तर यादीतून जातं ना.
एक रुपया म्हणजे, आहे अजून.

फेरी धक्क्याला लागली. माणसं उतरायची घाई करू लागली.
त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिलं,
ट्रक : एक रुपया.
खेचर, क्र. ३१८ : एक रुपया.
खाली सही करायला गेले
तर हातानं सवयीनं
हुद्दाच आधी लिहिला.